विहीणबाईंच्या होकारावर अडलेली जागा

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही यामिनीला म्हणालात, प्रभाताईंना काय विचारायचं, त्यांना शाळेतलं काय कळतंय. मी तिथेच ओट्यापाशी भाकऱ्या थापत होते. तुमची लेक फोन मोठ्याने लावते, हे तुम्हाला ठाण्यात बसून कसं दिसणार? चौथी शिकलेल्या बाईला कान असतात. हे आधी लिहिलं, आता मायना घालते.

प्रिय लताताई,

इकडे आयर्लंडात, ॲथलोनला सगळं बरं आहे. सारंगचं ऑफिस घरातूनच चालतं, यामिनीचा खोकला गेला, आपली नात ज्ञानदा भात खाते आणि भाजी थुंकते. माझ्या व्हिसाचे दिवस संपत आले, आता तुमची पाळी. दर खेपेला मी घर लावून ठेवायचं आणि तुम्ही येऊन बसायचं, असंच मला वाटतं. मी आणलेले डिंकाचे लाडू सूनबाई कपाटात मागे सारते. तुम्ही आणलेली गोष्टींची इंग्रजी पुस्तकं पोरीच्या उशाशी. तुमचा फोन आला की ती टेबलावर चढून बसते, आणि मी गोष्ट सांगायला लागले की तिला शी लागते. राग पोरीचा येत नाही, तुमचा येतो. जळते म्हणा, खोटं नाही ते.

आधीच्या पाळणाघरातून ती इंग्रजी घेऊन यायची. ती काहीतरी बोलायची, नवरा-बायको पोट धरून हसायचे. मी जरा उशिराने हसायचे. काय म्हणाली विचारलं की सूनबाईचं ठरलेलं, काही नाही हो आई. पोटच्या मुलाच्या घरात मी तोंडं बघत बसायची. वर तुम्हीच सांगितलंत, पोर मागे पडेल, घरातही इंग्रजीच बोला. दोघांनी लगेच ऐकलं. मीठसुद्धा इंग्रजीत मागायला लागले.

आणि आता ही आयरिश भाषेतली बालवाडी. हे खूळ सारंगचं. पहिली ओरडले ती मीच. इथल्या दुकानात कुणी जी भाषा बोलत नाही ती पोरीने कशाला शिकायची? तुम्हीही तेच म्हणालात. आपल्या दोघींचं आजवर एकमत झालं ते तेवढंच.

जागा पक्की करण्याआधी तिथे काही दिवस मुलांना नुसतं बसवून बघतात. सारंगच्या मीटिंगा, यामिनीला रजा नाही, म्हणून सोबत मी. एवढीशी खुर्ची, गुडघे कानाला टेकलेले. कुठल्या एका चर्चची नाही ही शाळा. चर्चला जाणाऱ्यांची पोरं, न जाणाऱ्यांची, नायजेरियाची एक गुटगुटीत मुलगी, पोलंडचा एक रडका, केरळची जुळी आणि आपली, सगळी एका सतरंजीवर. ओर्ला म्हणून बाई आहेत. मुलांशी इंग्रजीचं अक्षर नाही. हातवारे करतील, गातील, वस्तू नाचवून दाखवतील, पण बोलायचं ते आयरिशच. दोन दिवसांत पोर त्यांच्या मांडीवर आणि मी खुर्चीत. त्या बाईवर तर मी तुमच्यापेक्षा जास्त जळले. शेजारी इथलीच एक आजी बसायची, नातवाला घेऊन आलेली. तिलाही काही कळत नव्हतं. शाळेत शिकले होते, सगळं उडून गेलं, असं तिने हातानेच दाखवलं. इथलीच असून! दोघी सारख्याच ढ. मला फार बरं वाटलं.

मग रविवारी न्याहारीला ज्ञानदा म्हणाली, बान्या. पुन्हा म्हणाली, बान्या. सारंगने केळं दिलं, तिने फेकलं. यामिनी मोबाइलमध्ये शोधायला लागली. मी उठले आणि पेल्यात दूध ओतून पुढे ठेवलं. ओर्लाबाई दूध देताना तेच म्हणतात, रोज बघत होते ना मी. पोर गटागटा प्यायली. सारंग माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला, आई, ती तिथे आणखी काय काय म्हणते गं? लताताई, तो कॉलेजात गेल्यापासून त्याने मला काही विचारलेलं नाही.

ओर्लाबाईंनी यामिनीला बजावलंय, आयरिशचं आम्ही बघतो, घरात तुम्ही तुमची स्वतःची भाषा बोला. तेव्हापासून मीठ मराठीत मागतात.

आता पत्र कशाला ते. शुक्रवारी जागेचं हो की नाही कळवायचंय. सारंगचं हो आहे, माझंही. यामिनी म्हणते, माझ्या आईला पटलं तरच, नाहीतर आपली इंग्रजीच बरी. लेक तुमची, शब्द तुमचाच चालायचा, तेही मला खुपतं. पोरीचं भलं कशात आहे ते मला ठाऊक नाही, उगाच तसं म्हणणार नाही. पण इंग्रजीत तुम्ही मास्तरीण आणि मी आंधळी. या भाषेत तुम्ही, मी, सारंग, यामिनी, सगळे सारखेच कोरे, आणि पोर सगळ्यांच्या पुढे. मला ते पाहिजे. जागा घेतल्यावरही पहिले काही आठवडे घरचं माणूस सोबत लागतं. तुम्ही हो म्हणालात तर तुमच्या पाळीत त्या खुर्चीवर तुम्ही बसाल, ती नवं काय बोलली ते आधी तुम्हाला कळेल, आणि मी घरी कराडला फोनची वाट बघत बसेन. नुसत्या विचारानेही जळते मी. तरी बसा. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून लिहिलं. या पत्राचा फोटो काढून तुमच्या मोबाइलवर पाठवते, दोघांना सांगितलेलं नाही.

तुमचीच, जळून जळून का होईना,
प्रभा

उत्तर यामिनीकडे द्यायचं नाही, सारंगकडेही नाही. तुम्ही स्वतः द्यायचं, मला, आणि मराठीत.