ताईचा केसपेपर नव्हता

आणि वर मी तुमच्याबद्दल दोन शब्द चांगले बोलायचे म्हणे, बाई! काल तुमच्या सूनबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं की आपल्याकडून काहीतरी हवंय. रविवारी दवाखान्याचा वाढदिवस आहे. हॉल घेतलाय, तुमचा फोटो एवढा मोठा करून आणलाय, आणि त्यात तुम्ही हसताय. पेशंटसमोर तुम्ही असं हसलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही, कुठून शोधून काढला देव जाणे. "मावशी, तुम्ही सगळ्यांत जुन्या. आईंबद्दल तुम्हीच बोलायचं. आणि आई गरीब बायकांना औषधं फुकट द्यायच्या ना, ते नक्की सांगा हं." नक्की सांगते. अगदी माईक हातात धरून सांगते. माझी मुलगी म्हणाली, आई, आधी कागदावर लिहून काढ, म्हणजे अडखळणार नाहीस. ती हिंजवडीला कंपनीत आहे, तिथे सगळं लिहून काढतात. चौथीत शाळा सुटलेल्या बाईच्या हातात कागद दिला की काय होतं ते बघा. कार्यक्रमाचं राहिलं बाजूला आणि मी तुम्हालाच लिहीत बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला अजून तुमच्याशीच भांडायचंय.

तुम्ही मला ठेवलंत तेव्हा माझी पोरगी अंगावर पीत होती. सदाशिव पेठेतला तो दवाखाना, खाली पेशंट, वर तुमचं घर. मला नीट वाचताही येत नव्हतं. केसपेपर काढायचे तर नावं वाचायला हवीत, म्हणून तुम्ही शिकवलंत. मी घाईघाईत भलतंच नाव पुकारायची, तर तुम्ही आतून म्हणायच्या, "अक्षर लावून वाच. पेशंट थांबेल, त्याला दुसरीकडे कुठे जायचंय?" बीपीचा पट्टा बांधायला शिकवलात, सही करायला शिकवलीत. मी हे नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर सोपं झालं असतं. आणि तुमचा तो नियम. आमच्या वस्तीतली एक बाई मी एकदा तशीच आत आणली होती, पोटात दुखत होतं तिच्या. तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत, माझ्याकडे बघितलंत. "केसपेपर काढल्याशिवाय मी कुणाला हात लावत नाही. ही बाई आली होती, हिला काय दिलं, हिला परत कधी बोलवायचं, हे उद्या मला कोण सांगणार? तू?" मी मान खाली घातली आणि मनात म्हटलं, बरोबर आहे. डॉक्टर असावी तर अशी.

मग ती वर्षं आली. पुण्यात जिकडेतिकडे नवीन इमारती, नवीन गाड्या, आणि दवाखान्याच्या बाकावर पेशंटपेक्षा कंपन्यांची माणसं जास्त. टाय लावलेली, घामाने भिजलेली, मांडीवर ती जड बॅग. पेशंट संपले की मी त्यांना एकेक करून आत सोडायची. कुणी पेन देतोय, कुणी भिंतीवरचं घड्याळ, कुणी डबा, आणि प्रत्येक वस्तूवर गोळीचं नाव. तुम्हाला नको असलेलं दिवाळीला आम्हाला मिळायचं. माझ्या घरात देवाधर्माचं कॅलेंडर नव्हतं, पण गोळ्यांची नावं चारी भिंतींवर होती. त्यातला तो एक गोरा, गोड बोलणारा, पाळी गेलेल्या बायकांची गोळी घेऊन यायचा. "मॅडम, आमची गोळी म्हणजे बायकांना दुसरं तारुण्य." तुम्ही चष्म्यावरून त्याच्याकडे बघता आणि म्हणता, "इथल्या बायकांना आधी पहिलं कुठे मिळालंय?" मी दाराशी उभी राहून खूप हसले होते. त्या हसण्याच्या भरात मी त्याला विचारलं, "काय हो, तुमच्या आईला देता का ही?" तो गडबडला. तुम्ही नाही गडबडलात. "तुला दार उघडायला ठेवलंय. तोंड उघडायला नाही." तो गेल्यावरसुद्धा तुम्ही माझ्याशी दिवसभर बोलला नाहीत. त्याच वर्षी तुम्ही सिंगापूरला जाऊन आलात, त्याच कंपनीच्या कसल्याशा परिषदेला. येताना मला चॉकलेटं आणलीत. पोरीने ती आठवडाभर पुरवून खाल्ली.

कर्वेनगरच्या सोसायटीतलं ते शिबिर आठवतं का? हाडांची फुकट तपासणी. खर्च कंपनीचा, नाव तुमचं. टाच ठेवायचं एक यंत्र होतं. बायका रांगेत चपला काढून उभ्या आहेत, मी त्यांच्या टाचा पुसतेय, तो गोरा पडद्यावरचा रंग दाखवतोय. लाल म्हणजे हाडं पोकळ, पिवळा म्हणजे पोकळ व्हायला लागलीत. हिरवासुद्धा होता म्हणे त्या यंत्रात, पण त्या दिवशी एकाही बाईचा हिरवा आला नाही. साऱ्या कर्वेनगरात एक धड हाड नव्हतं! ताईला तुम्ही पाणी द्यायला बोलावलं होतंत. माझी थोरली बहीण, तुमच्या घरची धुणीभांडी तीच करायची. शेवटी रांग संपली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "ये गं, तुझीही टाच ठेव." ताई लाजली. टाच कुठे ठेवायची, भेगा सगळ्या. तुम्ही म्हणालात, "हाड बघायचंय, मेंदी काढायची नाहीये." सगळ्या बायका हसल्या, ताईही हसली. तिचा रंग पिवळा आला. तेव्हा तिची पाळी नुकतीच गेली होती. अंगातून झळा यायच्या, भांडी घासता घासता ती नळाखाली डोकं धरायची.

त्या बायकांना तुम्ही दवाखान्यात बोलावलंत. प्रत्येकीचा केसपेपर निघाला, मीच काढला. छाती तपासलीत, घरात कुणाला गाठ-बिठ झाली होती का विचारलंत, वर्षाने परत यायचं म्हणून बजावलंत, आणि मग गोळी लिहून दिलीत. दुकानातून विकत घ्यायची. त्या विकत घेत होत्या म्हणून कंपनी तुम्हाला सॅम्पल देत होती. आणि ती सॅम्पलं तुम्ही वर स्वयंपाकघरात ताईला द्यायच्या. केसपेपर नाही, तपासणी नाही. ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी गोळ्यांची पट्टी. "घे गं, रात्री जेवल्यावर एक. संपली की सांग." ती पदरात बांधून घरी आणायची. खोटं कशाला बोलू, तिला बरं वाटायचं. झळा गेल्या, झोप लागायला लागली. आमच्या वस्तीत ती सगळ्यांना सांगायची, एवढी महागाची गोळी बाई मला फुकट देतात. तुमच्या नावाने तिने कुणाला वाईट बोलू दिलं नाही. मलासुद्धा नाही.

काही वर्षांनी परदेशात त्या गोळ्यांबद्दल काहीतरी बाहेर आलं. हे मला आत्ता माहीत आहे, तेव्हा नव्हतं. तेव्हा मी एवढंच बघितलं की दुपारी दवाखाना बंद करून तुम्ही बसला आहात, मला पाळी गेलेल्या बायकांचे केसपेपर काढायला लावलेत, आणि एकेकीला फोन करताय. मी गठ्ठे आणून देतेय. तुम्ही काय बोलत होतात ते मला कळलं नाही, इंग्रजी बरंच होतं आणि मधे मला चहा करायला पाठवलंत. मला वाटलं, दुसरं शिबिर असेल. नंतर एक दिवस तो गोरा आला. टाय सैल, तोंड उतरलेलं. बरोबर एक खोकं. "मॅडम, आता कुणी लिहितच नाही. परत नेलं तर साहेब माझ्यावरच ओरडणार. तुमच्याकडे ठेवू का?" तुम्ही खोक्याकडे बघितलंत. मग मला म्हणालात, "वर नेऊन ठेव." मी नेलं. ताई ओट्याशी होती. संध्याकाळी तुम्ही वर आलात आणि तिला म्हणालात, "बरेच दिवसांची सोय झाली गं तुझी."

हे वाक्य मी विसरत नाही, बाई. मी त्या वेळी दारात उभी होते आणि मला किती बरं वाटलं होतं!

खोकं संपता संपता ताईला गाठ लागली. तिने मला सांगितलंसुद्धा नाही, आंघोळीला पाणी देताना मला दिसली. मी तिला ओढत तुमच्याकडे आणली. त्या दिवशी तिचा पहिला केसपेपर निघाला. मी स्वतः तिचं नाव लिहिलं. तुम्ही पडद्याआड तिला तपासलंत आणि बाहेर येऊन बेसिनवर हात धूत राहिलात, धूतच राहिलात. मग म्हणालात, "या वयात होतं. कुणालाही होतं." सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दिलीत, तिथल्या डॉक्टरांना फोन केलात, दोनदा स्वतः बघायला आलात. नारळपाणी आणलंत. ताईने तुमचा हात धरून म्हटलं, "बाई, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत." तुम्ही हात सोडवून घेतलात आणि तिची चादर नीट करत बसलात. मला वाटलं, भरून आलं असेल. ती गेली तेव्हा तिच्या मुलाला तुम्ही तुमच्या दवाखान्यात नोकरी देऊ म्हणालात. तो नको म्हणाला, मी त्याला मूर्ख म्हटलं.

आणि मग तुम्ही गेलात, झोपेत, शहाण्या माणसासारख्या. तुमच्या शोकसभेला कर्वेनगरच्या एक निवृत्त मास्तरीणबाई उठल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "त्या गोळ्यांचं पेपरात यायच्या आधी मला बाईंचा स्वतः फोन आला. म्हणाल्या, आजपासून एकही घेऊ नका, छातीला धोका आहे, लगेच येऊन तपासून जा. कोण डॉक्टर असा फोन करतो हो?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागे सतरंजीवर बसले होते. माझ्या डोक्यात तो दुपारचा फोन, ते गठ्ठे, तो टाय सैल केलेला माणूस आणि ते खोकं, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मी पदर तोंडात कोंबला. शेजारच्या बाईला वाटलं, तुमच्यासाठी रडतेय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला!

गोळीनेच झालं असं मी म्हणत नाही. मुलीने कंप्युटरवर बघून सांगितलं, आई, ते कुणी खात्रीने सांगू शकत नाही. मान्य. पण त्या बायकांना फोन गेला आणि ताईला खोकं गेलं, हे तर खात्रीने सांगता येतं ना? त्या खाली दवाखान्यात यायच्या, ताई वर यायची. त्यांचा केसपेपर होता. तुम्ही म्हणाल, अगं, गठ्ठ्यात नव्हती म्हणून राहून गेली. राहून गेली? रोज सकाळी तुमच्या पुढ्यातली बशी उचलत होती ती! तुमच्या उष्ट्या कपापासून तुमच्या लुगड्यांपर्यंत सगळं तिच्या हातून जात होतं. फोनसुद्धा करायला नको होता, बाई. नुसती हाक मारायची होती.

आणि कंपनीचं काय गेलं? तो गोरा आता मोठा साहेब आहे, रविवारी पहिल्या रांगेत बसणार आहे. त्याची कंपनी बदलली, गोळीही बदलली, आता हाडांचं इंजेक्शन आहे. हॉलच्या दाराशी पुन्हा टाच तपासायचं यंत्र ठेवणार आहेत. सूनबाई मला म्हणाल्या, "आपल्या कामवाल्या बायकांनाही घेऊन या मावशी, त्यांचं फुकट." म्हणून मी बोलणार आहे. तुमच्या फोटोला हार घालायच्या आधी मी विचारणार आहे, या बायकांचा केसपेपर कोण काढणार? परत कधी बोलवायचं ते कुठे लिहिणार? आणि मग ताईचं सांगणार, खोक्यासकट, त्याच्या तोंडावर. फोटोतलं तुमचं हसू तिथेच असू दे, लोकांना दोन्ही दिसेल. नोकरी जाईल तर जाईल.

तुमच्यात घास ठेवतात, कावळा शिवला की झालं. आमच्यात तसलं काही नाही, आणि मला कावळा नकोही आहे. मला तुमच्या तोंडचं उत्तर हवंय, त्या आवाजात, चष्म्यावरून बघत. हा कागद मी पोस्टाच्या पेटीत टाकणार नाही, सूनबाईंना दाखवणार नाही, मुलीलाही नाही. आता एक सांगते आणि थांबते. मला अजूनही वाटतं की तुम्ही विसरलाच असाल. इतका राग आहे तरी वाटतं. खोटं का होईना, विसरले म्हणालात तर मी मानीन, त्याचीच मला चीड येते. तेव्हा सरळ विचारते. खोकं वर पाठवलंत तेव्हा तुम्हाला ताईची आठवण नव्हती, की आठवण होती म्हणूनच वर पाठवलंत? शनिवारी संध्याकाळी दवाखान्याचं दार लावते, तोवर सांगा.