पाणीही न पिता गेलेले वाचक

राइट टाउन, जबलपूर
रविवार, दुपार

ती. केतनदादा यांस,

आनंदचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग पुण्यापर्यंत पोचत नाही हे मला कळतं, पण मोठ्या आतेभावाला नुसता 'हाय' लिहायला हात धजत नाही.) इकडे आम्ही सगळे ठीक. तुमच्या आईचा, म्हणजे आत्याचा, गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. डॉक्टर म्हणतात उलट व्हायला हवं होतं, पण आत्या डॉक्टरांचं ऐकत नाही, तर तिचा गुडघा काय ऐकणार. तुमची आणि प्रणोतीवहिनींची प्रकृती उत्तम असावी. पत्र पाहून घाबरू नका. फोन असताना पत्र काहून, असं वाटेल. पण फोन केला की आत्या शेजारी येऊन बसते, आणि मेसेज केला तर तुम्ही तो नंतर वाचायला ठेवाल. कागद निदान टेबलावर दिसत राहतो.

तुम्हाला कळवलंच आहे की होळीपासून मी आत्याच्या पदार्थांचा ब्लॉग चालवून राहिलो आहे. नाव 'अनसूयाबाईंचा ओटा'. ती सांगते, मी टाईप करतो. ती म्हणते मीठ अंदाजानं, मी विचारतो अंदाज म्हणजे कोणता चमचा, ती म्हणते तुझ्या बायकोचं कसं होणार, आणि त्या दिवसाचं लेखन तिथेच थांबतं. (माझं बी.कॉम. दुसऱ्या वर्षातच सुटलं हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून निदान शुद्धलेखनावर कोणी बोट ठेवू नये, एवढी काळजी घेतो. 'चिरून' आणि 'किसून' यांवर माझा पूर्ण भरवसा आहे.) खरं सांगायचं तर तुमचे बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून जेवढ्यास तेवढं बोलायची. ब्लॉग सुरू झाल्यावर सकाळी चहाच्या आधीच हाक मारू लागली, 'आनंद, लिही रे, आठवलं.' तेव्हा हा ब्लॉग चालणं मला किती गरजेचं वाटतं, ते लक्षात यावं.

पण वाचक येईनात. म्हणून मी आलोककडे गेलो. आलोक आमच्या गल्लीतला, मोबाईलच्या दुकानावर डिजिटल मार्केटिंगचा क्लास घेतो. त्याने सांगितलं, 'भैया, सोशल बुकमार्किंग करो, फिर देखो.' म्हणजे अशा साइट असतात, जिथे लोक आवडलेल्या पानांची खूण सगळ्यांना दिसेल अशी ठेवतात, आणि आपणही आपलं पान तिथे नेऊन ठेवायचं. मी एकेका साइटवर नाव नोंदवलं. प्रत्येक ठिकाणी आवडीचे विषय विचारले होते. मी विचार करून 'वरण' लिहिलं. (दुसरं काही लिहिलं असतं तर खोटं झालं असतं.) मग आलोकने डिंकाच्या लाडवांचं पान उचललं आणि त्यावर मथळा दिला, 'हे खा आणि महिन्यात बारीक व्हा'. मी म्हटलं, अरे, त्यात तूप किती आहे ते तरी वाच. तो म्हणाला, 'हेडिंग में क्या रखा है भैया, क्लिक होना चाहिए.'

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हजारावर माणसं येऊन गेली, त्यात काही ब्राझीलची. मी धावत स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. आत्याने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि विचारलं, 'काय म्हणाले?' मी म्हटलं, काही नाही म्हणाले. 'अच्छा. बसले किती वेळ?' इथे माझं चुकलं. मला आकडा दिसत होता आणि मी तो वाचून दाखवला, 'सरासरी चार सेकंद.' ती म्हणाली, 'चार सेकंदात तर चपलाही काढून होत नाहीत.' मग गॅस पुन्हा पेटवला आणि म्हणाली, 'एवढे आले अन् बिनापाण्याचे गेले? आपलं काय चुकलं रे?' मी खूप समजावलं की ब्राझीलच्या माणसाला डिंकाची पाककृती मराठीत वाचता येत नाही, तुझा दोष नाही. ती म्हणाली, 'मग आलाच काहून?' याचं उत्तर आलोकच्या क्लासमध्येही शिकवत नाहीत.

तरी मी चिकाटी सोडली नाही. काही पानं बुकमार्किंगवर टाकली, काही मुद्दाम टाकली नाहीत, आणि रोज पाहत राहिलो. टाकलेल्यांचं एकच: पहिल्या दिवशी नर्मदेच्या ग्वारीघाटावर अमावास्येला असते तशी गर्दी, तिसऱ्या दिवशी चिटपाखरू नाही. इकडे आत्याने जाहीर केलं, 'चलो, बंद कर ते. कोणाला थांबायचं नाही तर मी कोणाला सांगून राहिली?' मी गयावया केली तेव्हा शेवटचं म्हणून एक सांगितलं, वरण खारट झालं तर काय करावं. मला लाज वाटली. एवढ्या सुगरणीच्या ब्लॉगवर बिघडलेलं वरण! आलोक तर म्हणाला, हे कुठेच टाकू नको. मीही बुकमार्किंगवर कुठेच टाकलं नाही, नुसतं ब्लॉगवर गुपचूप लिहून ठेवलं: कणकेच्या गोळ्या सोडाव्या, मंद आच ठेवावी, मग काढून घ्याव्या.

दादा, त्या पानावर आता रोज माणसं येतात. थोडीच, पण रोज. कोणी पाठवलेली नसतात, स्वतः शोधत येतात. आणि थांबतात, कारण त्यांचं वरण गॅसवर असतं. परवा एकाने खाली लिहिलं, 'जमलं. आई करायची तसंच लागलं.' मी ते आत्याला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तिने चष्मा लावून स्वतः वाचलं, आणि म्हणाली, 'लिही रे. भात करपला तर.'

तेव्हा बुकमार्किंगबद्दल माझं मत असं, की खूण ठेवून जाणारा परत येतोच असं नाही. बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

आपला,
आनंद

ता. क. 'बुकमार्क केलंय, आईला सांग, निवांत वाचतो,' असं तुम्ही होळीत कळवलं होतं. ते मी आत्याला तेव्हाच सांगितलं. वरचं मत लिहिताना तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. (होता. पण थोडेच.)

ता. क. २. 'जमलं' लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही. आत्याने मात्र ठरवून टाकलंय की ते तुम्हीच. मला दिसतंय की तो सांगलीचा कोणी आहे. तिने विचारलं, 'सांगली पुण्याजवळच ना रे?' मी म्हटलं, हो, अगदी जवळ.

ता. क. ३. तर विनंती अशी, की येत्या रविवारी तिला फोन करून काहीतरी बिघडलंय म्हणून विचारा. आधी खरंच बिघडवून घ्या. ती किती पाणी, कोणतं भांडं, वास कसा येतो, सगळं विचारेल, आणि तुम्हाला खोटं बोलणं जमत नाही.