सिद्धगडच्या कार्यक्रमाचा पास

४ नोव्हेंबर, शहापूर
आज रुजू झाले. रेडिओ स्टेशन म्हणजे बाजारपेठेत मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. पण इथलं बोलणं मुरबाडच्या पाड्यांपर्यंत ऐकू जातं. मालक ज्ञानेश्वर सर फार मऊ बोलतात. दुपारचा कार्यक्रम त्यांनी लगेच माझ्याकडे दिला: फोन लावा, गाणं ओळखा आणि सिद्धगडच्या पायथ्याशी होणाऱ्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा पास जिंका. न्यायला गाडी घरी येणार. ऐकणारे वाढवायचे तर असं काही द्यावंच लागतं म्हणे. खोली प्रमिलाताईंकडे मिळाली. त्यांनी भाकरी आणि सुकटीची चटणी आणून दिली. कल्याणला आईला कळवलं की मी इथे रमणार.

७ नोव्हेंबर
खर्डीच्या संगीताने पास जिंकला. भाताची झोडणी चालू असतानाच तिने फोन लावला होता. हरखून विचारत होती, "मॅडम, आमी साडीवर आलो तर चालंल ना? तितं बसाया खुर्च्या हायेत?"
मलाच माहीत नव्हतं. सरांना विचारलं, गायक कोण? म्हणाले, गेल्यावर कळतं. गावात कुठे पोस्टरही दिसत नाही.

१२ नोव्हेंबर
आज चालू कार्यक्रमात संगीताचा फोन आला. "आम्हाला खूप मजा आली. तुम्हीही या." आवाज तिचाच. पण मागच्या वेळी ती आमी, तुमी म्हणत होती. आज एकेक शब्द स्वच्छ, वाचून दाखवल्यासारखा.

१३ नोव्हेंबर
संगीताचा भाऊ कुंडलिक स्टेशनवर आला. कार्यक्रमाच्या गाडीत बसून गेली ती अजून घरी परतलेली नाही. तो म्हणाला, "काल बोलली ती माजी बहीण नाय, मॅडम. ती असं बोलतच नाय." पोलिसांत तक्रार देऊन तो इथे आला होता. सर म्हणाले, मोठी बाई आहे, राहिली असेल कुठे. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

१६ नोव्हेंबर
सुट्टी. कुंडलिकच्या मोटारसायकलवरून सिद्धगडला गेलो. भर दुपार. झाडांमधल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, सगळ्या डोंगराकडे तोंड करून. स्टेज नाही, वायर नाही. प्रत्येक खुर्चीखाली चपलांचा जोड. कुंडलिकने एक चप्पल उचलली, संगीताची. तिचा अंगठा त्यानेच लाल दोऱ्याने शिवला होता.
मग झाडीतून गाणं आलं. आमच्या स्पर्धेतलंच. कुंडलिक म्हणाला, "आयका, ती हाक मारते." मला फक्त गाणं ऐकू येत होतं. मी त्याची बाही धरली. त्याने माझी बोटं हळूच सोडवली, पायातले बूट काढले आणि झाडीत गेला. मी ओरडत राहिले. मग पळाले. रस्त्यावर भाजीचा टेम्पो मिळाला.

१७ नोव्हेंबर
पोलिसांना जागा दाखवली. खुर्च्या नाहीत. गवतावर पायांच्या खुणाही नाहीत.
स्टेशनवर राजीनामा द्यायला गेले. स्पीकरवर कुंडलिक होता. "खूप मजा आली. तुम्हीही या."
सरांनी पास पुढे केला. वर नाव माझं.  म्हणाले, या वेळी त्यांना स्टेशनमधलंच कुणी हवं आहे. ते कोण, विचारलं तर त्यांनी स्पीकरचा आवाज वाढवला. पास घेतला नाही मी.

१८ नोव्हेंबर, सकाळ
बॅग भरली. आईला फोन लावला, घरी येते म्हणून. ती म्हणाली, अगं, मीच तर येते आहे. काल तूच ना फोन केलास, पास आहे म्हणालीस, गाडी पाठवलीस—
मी फोन केलेला नाही.
मुरबाड मागे पडलं म्हणे. ओरडून सांगितलं, उतर. ती हसली. मग गाणं. मग काहीच नाही. पुन्हा लावते— लागत नाही.

पोलिसांना कळवलं. निघतायत. पण तोवर—
खाली गाडी उभी आहे. मी बोलावलेली नाही. प्रमिलाताई म्हणतात, आत कुणी बाई बसलीय, तुमालाच विचारते.
हे लिहून ठेवते. मी आले नाही तर आमच्यापैकी कुणाचाही फोन आला तरी कुणी तिकडे—
खिडकीतून पाहिलं, आईच आहे. मुरबाडपलीकडून इतक्या लवकर कशी? गाडीचं दार उघडून, पाय बाहेर टाकून बोलावते आहे. पायात काही नाही तिच्या. मी जाते, तिला बाहेर ओढ—