टीव्हीचं खोकं

प्रिय सुमेध,

गेलेल्या माणसाला काय पत्र लिहायचं, असं म्हणून इतके दिवस थांबले. पण आज वकीलबाईंकडून आले ती डोकं फिरवूनच. भांडायला तूच हवास.

त्या म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी. तुमचा आणि मुलीचा व्हिसा हजबंडच्या नोकरीवर होता. ते नाहीत, म्हणजे आता बेसिसच नाही." तू ड्यूटीवरून येताना कोसळलास, म्हणून आम्ही चालतं व्हायचं?

लीड्सच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आलास, तेव्हा पाच वर्षांनी आयएलआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, असाच नियम होता ना? पाच भरत आली आणि म्हणे आता दहा! तसं झालं नसतं, तर तू जायच्या आधीच आपण तिघं इथले झालो असतो. खेळ मध्यावर आल्यावर नियम बदलतात का कोणी? कोणाच्या घरात काय होईल, याचा विचार तरी केला?

तुझाही राग येतो रे. टीव्ही, मिक्सर, मायक्रोवेव्ह, सगळ्यांची खोकी कपाटावर रचून ठेवलीस. "असू दे गं, जायची वेळ आली तर पॅकिंगला लागतील. आयएलआर झालं की मीच फाडून रिसायकलिंगच्या हिरव्या बिनमध्ये टाकतो." मितूला कुत्रा आणायचा तो आयएलआरनंतर, माझ्या भिंतीचा पिवळा रंगही नंतरच. दहा वर्षांची बातमी आली तेव्हा तू फक्त खाली पडलेलं थर्माकोल उचलून परत खोक्यात घातलंस. तेव्हाच ओरडायला हवं होतं आपण!

आली तेव्हा मितू प्रायमरीत होती, आता जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, तोंडावर आली. तिला सांगितलं तर म्हणाली, "गो बॅक? आई, माझा स्कूल इथे आहे, बाबा इथे गेला. बॅक म्हणजे कुठे?"

मग ती खुर्चीवर चढली आणि टीव्हीचं खोकं खाली ओढून टराटरा फाडायला लागली. मी थांबवलं नाही.

शनिवारी आम्ही दोघी खासदारांना भेटणार आहोत, विहारातली आपली माणसंही येतील. पुढे काय होईल, माहीत नाही. पण एक वचन देते, उरलेली खोकी आज मी फाडणार. आम्हाला घालवायला कोणी आलंच, तर या घरात बांधून ठेवलेलं त्यांना काहीही सापडणार नाही.

तुझी, आणि अजून लीड्सचीच,
सुजाता