सुरुंगाच्या आवाजाआडचे मासे

गोखिवरे, सोमवार, १७ जानेवारी १९५५

किळस अजून जात नाही. नानांकडे उगाच जेवायला गेलो. जुन्या खाणीच्या तळ्यात गावानं पावसाळ्यात माशांचं बीज सोडलं, बायकांनी हंड्यांतून वाहून आणलं. होळीपर्यंत कोणी गळही टाकायचा नाही, हे तळ्याच्या समितीचे अध्यक्ष म्हणून नानांनीच देवळासमोर ओरडून सांगितलं. आणि आज त्यांच्याच ताटात वीतभर रोहू!

घास मोडला, तर आत मणक्याचा चुरा. गळाला लागलेल्या माशाचा असा होतो? सुरुंग ठासता ठासता मी खाणीचा मालक झालो, मला कळत नाही? दुपारी इशाऱ्याची घंटा होऊन आमचे बार उडाले तेव्हा मागून एक दबका आवाज आलाच होता, पाण्यात उडाल्यासारखा.

"नाना, मणका कसा मोडला हो?"

"खा ना गुपचूप, शेठ! तुमची घंटा झाली की आमी पन उडवतो. कोनाला कळतंय? कळलं तरी नाव तुमचंच. उद्या व्याही येनार, मोठे काढू."

वर हसले. मीही हसलो. हसता येतं मला. पण होळीला गाव जाळी घेऊन येणार, तळं रिकामं, आणि शिव्या मला? शी! तो चुरा अजून दातांत आहेसं वाटतं.

येताना मुकादमाला गाठलं. उद्या घंटा नेहमीसारखी वाजेल, पण आमचा एकही बार उडणार नाही. मी आणि सगळे गडी तेव्हा देवळासमोर भाकरी खात बसू. चार मासे जातील, जाऊ देत. आवाज मात्र एकट्या नानांचा होईल, आणि सगळा गाव ऐकेल.