टाकीचा डावा कोपरा

रविवार, ता. ९

ती. ताईंना,

नमस्कार. गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही "बरा आहे" म्हणता, पण खुर्चीतून उठताना कण्हता ते इकडे ऐकू येतं. रोज बोलणं होत असताना ही आता पत्र का लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. फोन लावला की हे शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहायला घेतलं.

आधी माशांची बातमी. तुमच्या बाळ्याने, म्हणजे ह्यांनी, अखेर हौस पुरी करून घेतली. लेक नोकरीला परगावी गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. तिथे आता भिंतभर लांब काचेची टाकी आलीय आणि माझं शिलाई मशीन दाराशी सरकलंय. मी म्हटलं, "आता मशीन चालवायला माशांची परवानगी काढायची का?" तर म्हणाले, "विचारून सांगतो."

टाकी आली तरी मासे लगेच येत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. कितीतरी दिवस नुसतं पाणी, वाळू, थोडी झाडं आणि फिल्टरची गुरगुर. पाणी मुरावं लागतं म्हणे. शेजारपाजारचे येऊन रिकामी टाकी बघून जायचे आणि तोंडदेखलं "छान आहे" म्हणायचे. मग दुकानदाराने सांगितलं, मोठे मासे नकोत, एकाच जातीचे लहान आणा, आणि थोडे थोडे आणा. हे बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल. पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवायची, आतबाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की टाकीतलं पाणी वाटीने पिशवीत घालत राहायचं. ह्यांना स्वतःचा चहा गाळून घ्यायचा कंटाळा, पण त्या पिशवीपाशी ओणवे होऊन उभे राहिले, कंबर धरेपर्यंत. सोडले तेव्हा सगळे एकमेकांना चिकटून झाडामागे जाऊन बसले. घाबरले की असे घट्ट होतात, रुळले की पसरतात, असं दुकानदार म्हणाला होता. दोन-तीन खेपांत टाकी भरली आणि ते रुळलेही. सगळा घोळका एकदम वळतो तेव्हा हातातलं काम थांबतं, ताई.

मागच्या महिन्यात हे कामावरून आले, टाकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मासे कुठे गेले?"

मी मशीनवरून न उठता म्हटलं, "फिरायला."

"थट्टा नको. टाकीत एकही मासा नाहीये."

आवाज ऐकून उठले. अख्खा घोळका डाव्या कोपऱ्यात होता, ह्यांच्या हातापासून वीतभर. मी बोट दाखवलं, तेव्हा ह्यांनी मान वळवली. "हां, लपले होते." त्या कोपऱ्यात एक पानसुद्धा नाही, ताई. लपणार कशामागे?

मी मनाची समजूत घातली. थकले असतील, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण मग दिसायलाच लागलं. ताटातलं उजवीकडचं संपायचं, डावीकडचं तसंच राहायचं. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा. डावीकडे ठेवलेला कप रोज सांडायचा आणि प्रत्येक वेळी तो "भलत्याच जागी" ठेवलेला असायचा. मी लगेच एखादी उसवलेली शिवण शोधून काढायचे. विचारलं तर उत्तर येईल, ह्याचीच भीती होती. कारण हे काम काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. शाळेची बस. मुलं डावीकडच्या दाराने चढतात आणि डावीकडेच उतरतात.

शेवटी मंगळवारी मला राहवलं नाही. दोरे आणायचेत, बाजारापर्यंत सोडा, म्हणत सकाळी बसमध्ये चढले आणि ह्यांच्या मागेच बसले. मुलं गाणी म्हणत होती. रस्ता मोकळा होता आणि हे नेहमीसारखेच शांतपणे चालवत होते, इतके की मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. मग एका थांब्यावर काही मुलं चढली, दार लागलं आणि बस निघाली. एका लहान मुलीची टोपी वाऱ्याने उडाली होती. ती आईचा हात सोडून टोपीमागे धावली, डावीकडून, थेट बसच्या पुढ्यात.

"थांबवा!"

ब्रेक लागला. मुलं पुढच्या बाकांवर आपटली, कुणाचं नाक फुटलं. मुलगी चाकाजवळ टोपी हातात घेऊन उभी होती. आईने तिला ओढून नेलं आणि पाठीत धपाटा घातला.

हे मागे वळून म्हणाले, "बसमध्ये असं ओरडायचं नसतं. समोर कुणी नव्हतं."

गाणी बंद पडली होती. शाळेपर्यंत मी ह्यांच्या डाव्या खांद्यापाशी उभी राहिले आणि दिसेल ते सांगत गेले, सायकल, कुत्रा, माणूस. शाळेच्या फाटकात मुलं उतरल्यावर मी किल्ली काढून घेतली. म्हटलं, "संध्याकाळची फेरी दुसऱ्या कुणाला सांगा. आधी घरी चला." इतके चिडले होते की घरापर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालत आले. वाटेत दोनदा लोकांना धडकले.

घरी मी त्यांना टाकीसमोर मधोमध उभं केलं. "समोर बघा. मासे दिसतात?"

"नाहीत."

"आता मान डावीकडे वळवा."

वळवली. बराच वेळ बघत राहिले. "हे आत्ता आले का इकडे?"

"नाही. मघापासून तिथेच आहेत."

खाली बसले, फरशीवरच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे ती मुलगी खरंच होती."

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

फोन त्यांनी स्वतःच केला शाळेत. दुसऱ्या दिवशी दवाखाना झाला. डोळे ठणठणीत आहेत, डोक्यात मागच्या बाजूला रक्ताची गाठ अडकून गेलीय, कळलंही नाही. डावीकडचं गेलेलं दिसणं परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. पुन्हा असा झटका येऊ शकतो, आणि तो एवढाच असेल असं नाही. गोळ्या सुरू झाल्यात. तुम्हाला कळवू नका, अशी मला ताकीद आहे. ताई एकटी आहे, काळजीने तिचंच काहीतरी व्हायचं, असं म्हणतात.

पण मला आता एकटीला झेपत नाही. हे झोपले की मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बघते. न्हाणीघरात वेळ लागला की दाराशी जाऊन उगाच काहीतरी विचारते. त्यांना माझी ही भीती कळते आणि त्यांची मला, आणि आम्ही दोघं दिवसभर माशांबद्दल बोलत राहतो.

जमलं तर या. तुमच्यासमोर ते लहान होतात, कदाचित रडतीलही, आणि त्यांनी एकदा रडावं असं मला फार वाटतं. फक्त आलात की दारातूनच हाक मारा आणि उजवीकडून जवळ जा. डावीकडून एकदम कुणी हात लावला की दचकतात, आणि दचकल्यावर जो चेहरा होतो तो मला पुन्हा बघायचा नाही.

सध्या ह्यांच्या डाव्या हाताला बसून असलेली,
तुमची भावजय