थंड तेलाची कढई

मी लिगाया पनालिगान, क्रिसांतो पनालिगानची बायको, वय त्रेपन्न, धंदा कारिओका, म्हणजे तांदळाच्या पिठाचे काडीला लावलेले गोड गोळे, तळून विकणे, राहणार सान रोके, केझोन प्रांत, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, पण कायद्याला डोकंच लागतं, असं शेजारच्या लेओनिलाबाई म्हणतात. त्या शाळेतून निवृत्त झाल्या तरी शिकवायचं थांबलेल्या नाहीत. मला कोणी भरीस घातलेलं नाही, धमकी दिलेली नाही. या घरात मला धमकी द्यायची कोणाची छाती नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. चुका बाई सुधारतील. मजकूर मात्र सुधारायचा नाही, हे त्यांना दोनदा बजावलंय.

परवा गुरुवारी पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. ज्याचं पोट फाडायचं नसतं तो असंच म्हणतो. मी घाबरलेली नाही, पण एका जागी बसवत नाही. सकाळी तांदूळ दळून आणले, पीठ फडक्यात बांधून दगडाखाली ठेवलंय. पाणी निथळतंय तोवर लिहिते. बाई म्हणाल्या, "अगं, परवा ऑपरेशन आणि आज पीठ?" मग काय करू, हातावर हात ठेवून गाठीशी गप्पा मारू?

कलम एक. माझी माती. पेटी साधी असावी. लोक नऊ दिवस प्रार्थनेला येतील, अंगणात पत्ते कुटतील, त्यांना कॉफी आणि बिस्किटं द्यावीत. कारिओका तळू नयेत. मयताच्या घरी सगळी घाई असते आणि घाईत हा पदार्थ करायचा नसतो. का ते पुढे येईल. नवव्या दिवशीच्या जेवणाला क्रिसांतोचा तो लाल झुंजीचा कोंबडा कापून, आलं आणि कच्ची पपई घालून रस्सा करावा. तो कोंबडा आजवर एकही झुंज जिंकलेला नाही, पण माझ्या नवऱ्यापेक्षा चांगलं खातो.

क्रिसांतो आत्ता मागून वाचत होता. म्हणाला, "कोंबडा माझ्या नावावर आहे. तो तुझ्या मृत्युपत्रात येत नाही."

मी म्हटलं, "मग जगव मला."

तो बाहेर गेला.

कलम दोन. घर. अर्धं त्याचं, अर्धं माझं. माझ्या अर्ध्यातलं कायदा नवऱ्याला देतो तेवढं त्याला मिळावं, बाकी सगळं माझ्या एकुलत्या मुलीला, मारिबेलला. स्वयंपाकघरात कोंबडे बांधायचे नाहीत.

उठले, दगड फिरवून आले. अजून पाणी आहे.

कलम तीन. पतपेढीत जे काही असेल ते मारिबेलच्या लग्नाला लावावं. लग्न मे महिन्यात आहे. तिनं गाऊनला मनगटापर्यंत बाह्या सांगितल्यात आणि गळा बंद. शिंपीण म्हणाली, "मे महिन्यात? पोरी, उकडून निघशील." पोरीनं बाहीच्या मापासाठी हात पुढे केला. तिचा डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत भाजलेला आहे, मानेवरही डाग आहे. सहा वर्षांची होती तेव्हापासून ती उन्हाळ्यात लांब बाह्या घालते. लग्नाला सगळं गाव बोलवणार आहे, फक्त आत्याला नाही. आत्या म्हणजे माझी थोरली नणंद, सोलेदाद, मारिबेलची बाप्तिस्म्याची धर्ममाता. मारिबेल म्हणते, "जिनं मला भाजलं ती माझ्या लग्नात समोरच्या बाकावर बसणार नाही." ही यादी गेल्या रविवारी झाली. मी तिथेच होते. मी म्हटलं, खुर्च्या किती सांगू?

रविवारपासून मला झोप नाही. गाठीमुळे नाही.

कलम चार. सामान. नारळ खवायची बसकी खवणी, परात आणि पाट्याचा दगड मारिबेलला. बांबू तासायची सुरी क्रिसांतोला, तशीही ती त्याचीच आहे. तीस वर्षं या घरच्या कारिओकाच्या काड्या त्यानं तासल्या. एकाही गिऱ्हाइकाच्या ओठाला कधी कुसळ टोचलं नाही. हे त्याला तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहिते. आणि काडीला चार गोळे म्हणजे चारच. चौकातली ती फ्लोरदेलिसा तीन लावते आणि वरून पाकिटातलं पीठ वापरते. तिला माझी कृती मागितली तरी देऊ नये. मागणार नाही म्हणा, तिला वाटतं तिला येतं.

कलम पाच. चर्चच्या पायऱ्यांखालची, विकायला बसायची डावीकडची जागा. ही जागा माझी असं अख्खं गाव म्हणतं. ती माझी नाही. सासूबाईंनी ती थोरल्या लेकीला, सोलेदादला दिली होती. ती माझ्याकडे कशी आली ते कलम सहामध्ये.

आता कलम सहा लिहायचं आहे म्हणून मी परत उठून दगड बघून आले, चुलीची राख काढली, क्रिसांतोवर ओरडले, पाणी प्याले. बाई म्हणाल्या, "लिगाया, बस."

कलम सहा. मोठी कढई मी माझ्या नणंदेला, सोलेदादला देते. सोबत चर्चपुढची जागा परत देते. कारण खालीलप्रमाणे.

एकवीस वर्षांपूर्वी, सान रोकेच्या जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी कढईवर वन्सं होत्या. पीठ त्यांचं, तळणं त्यांचं. मी गोळे वळायचे आणि काड्यांना लावायचे, बास. कारिओका तळायची रीत सगळ्या गावाला माहीत आहे. गोळे थंड तेलात सोडायचे. खाली विस्तव मंद. तेल आणि गोळे एकमेकांच्या सोबतीनं तापले पाहिजेत. जाळ मोठा केला तर वरचं कवच आधी कडक होतं, आतल्या वाफेला वाट मिळत नाही आणि गोळा फुटतो. फुटतो म्हणजे सुतळी बॉम्ब. पीठ ओलं राहिलं असलं तरी तसंच होतं.

वन्संनी गोळे थंड तेलात सोडले आणि नारळाचं दूध काढायला परसात गेल्या. जाताना म्हणाल्या, "जाळाला हात लावू नकोस गं."

मी विचारलं, "आणखी किती वेळ?"

"ते तेलाला विचार."

बाहेर गिऱ्हाइकं उभी होती. मारिबेल चुलीशी उभी राहून पहिली काडी मला, पहिली काडी मला, करत होती. कढई थंड पाण्यासारखी गप्प. माझं रक्त तेव्हाही असंच उतावळं होतं. मी नारळाची वाळकी सोडणं उचलली आणि चुलीत सारली. एक नाही, तीन. भक्कन जाळ झाला, तेल बोलायला लागलं, मला बरं वाटलं.

मग फुटलं. एक नाही, एकापाठोपाठ एक. कढई कलंडली.

वन्संच पळत आल्या. पोरीला उचललं, पंपाखाली धरलं, त्यांचे स्वतःचे हात भाजले ते पाहिलंही नाही. त्यांच्या मनगटांवर डाग आहेत. त्यांच्याबद्दल आजवर कोणी विचारलं नाही. भडकलेली चूल कोणीतरी माती टाकून विझवली होती. सोडणं कोणी पाहिली नाहीत. सासूबाई छाती बडवत ओरडल्या, "सोलेदाद, काय केलंस हे?"

वन्सं पोरीला पंपाखाली धरूनच होत्या. म्हणाल्या, "पीठ ओलं राहिलं असेल."

मी म्हटलं, "असेल."

तेवढंच बोलले. एक शब्द. त्यानंतर काही बोलायची गरजच पडली नाही, गाव बोलत राहिलं. सोलेदादच्या हाताला पीठ निथळत नाही, असं लोक म्हणू लागले. सासूबाईंनी कढई आणि जागा मला दिली. मारिबेलला काही आठवत नाही, तिला आजीनं सांगितलं तेच खरं वाटतं. आणि वन्संनी तेव्हापासून तेलाची कढई चुलीवर ठेवलेली नाही. त्या पुतो करतात, वाफेवर उकडलेले तांदळाचे गोड वडे. पिठात पाणी राहिलं तरी चालतं असा पदार्थ त्यांनी शोधून काढला. रोज सकाळी त्या पायऱ्यांच्या उजव्या बाजूला बसतात, मी डाव्या. एकवीस वर्षं मध्ये अकरा पायऱ्या.

मी त्यांच्या हातचं पीठ पाहिलेलं आहे. त्या दिवशीचंही. कोरडं होतं. मुठीत दाबलं तर बोटांचे ठसे उमटत होते आणि पाण्याचा थेंब नव्हता.

कलम सात. हे पाकीट बंद करून कपाटात ठेवावं आणि माझ्या पश्चात मारिबेलनं उघडावं. माझ्या हयातीत कोणी उघडू नये.

इथे माझं मृत्युपत्र संपलं असं मी बाईंना सांगितलं. पुढचं त्यानंतर लिहिते आहे.

बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. एकही चूक सुधारली नाही. मग म्हणाल्या, "आणि जगलीस तर?"

"म्हणजे?"

"गाठ निघाली, तू घरी आलीस, तर पाकिटाचं काय?"

"राहील कपाटात."

"म्हणजे तू मरशील तेव्हाच सोलेदाद सुटणार? तुझी आई नव्वदीपर्यंत जगली ना गं?"

मी बाईंना माझ्या घरातून जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत. बसून राहिल्या, साक्षीदार म्हणून आल्या होत्या ना. दुसरा साक्षीदार मक्सिमो, तांदूळ दळणारा, तोही दारात टोपी हातात घेऊन उभा. तिसरा यायचा होता तो आलाच नाही, तीन लागतात. क्रिसांतो म्हणाला, "कोणाला आणू?"

मी दगड उचलून पीठ दाबून पाहिलं. निथळलं होतं. आता उठायला निमित्त नव्हतं.

मी म्हटलं, "तुझ्या बहिणीला आण."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तिला? इथे? काय सांगू?"

"सांग, सही करायला ये. आणि चप्पल घाल, गाढवा."

वन्सं आल्या. एकवीस वर्षांनी या उंबऱ्याच्या आत. हाताला पुतोचं पीठ लागलेलं, तसंच. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मरायला निघालीस म्हणून बोलावलंस की मेलीस म्हणून?"

"अजून नाही, वन्सं. वाचा."

त्यांना वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचतात. कलम सहाशी बोट थांबलं. पुढे गेलं. परत मागे आलं. मी उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "तीन सोडणं?"

"तीन."

"मी दर वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी पीठ करते, माहीत आहे तुला? विकायला नाही. फडक्यात बांधते, दगड ठेवते, आणि किती पाणी राहतं ते बघते. दर वर्षी कोरडं निघतं. मग मी ते कोंबड्यांना घालते." त्या क्रिसांतोकडे वळल्या. "तुझ्याच कोंबड्यांना, मेल्या. म्हणून माजलेत."

कोणी हसलं नाही. मग मक्सिमोला हसू फुटलं आणि त्यानं टोपीत तोंड लपवलं.

मी म्हटलं, "वन्सं, मला शिव्या द्या."

"थांब जरा. तुला सगळ्याचीच घाई." त्यांनी पेन मागितलं. "सही कुठे?"

बाई मध्ये पडल्या. "सोलेदाद, ऐक. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्ष द्यायची नसते. सही केलीस तर कढई गेली, जागा गेली. मी साक्षीला दुसरं कोणी आणते. तू घेणारी राहा."

वन्संनी विचारही केला नाही. म्हणाल्या, "कढई ही मेल्यावर मिळणार. ही काही मरत नाही, इतकं तोंड चालतंय तिचं. मला कढई नको. हे सहावं कलम आहे ना, त्याच्याखाली माझं नाव पाहिजे. खोड कढई."

म्हणून कलम सहामधलं पहिलं आणि दुसरं वाक्य मी स्वतः खोडलं आहे. खोडलेल्या जागी आम्हा चौघांच्या सह्या आहेत. त्यानंतरचा मजकूर जसाच्या तसा ठेवला आहे. चर्चपुढची जागा मृत्युपत्रानं देता येत नसेल तर उद्या सकाळी मी माझी टोपली उचलून उजवीकडे बसते. त्याला कायदा लागत नाही.

कलम सातही खोडलं आहे. मारिबेल संध्याकाळच्या बसनं येते आहे, मला दवाखान्यात न्यायला. हे कागद मी पाकिटात घालणार नाही. टेबलावर ठेवणार आहे, तिच्या ताटाशेजारी. जेवण झाल्यावर ती वाचेल. मी समोर बसेन. उठणार नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही मला माहीत नाही. लग्नाच्या यादीत एक खुर्ची कमी करायची झाली तर ती माझी करावी आणि सोलेदादला समोरच्या बाकावर बसवावं. ही माझी शेवटची इच्छा नाही, आत्ताची आहे.

सह्या होतात तोवर वन्संनी फडकं सोडलं, माझं पीठ मुठीत दाबलं आणि बोटांचे ठसे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कढई ठेव. तेल थंड आहे ना?"

मी म्हटलं, "तुम्हीच हात घालून बघा."

त्यांनी घातला.

हे मृत्युपत्र मी माझ्या हातानं लिहिलं, प्रत्येक पानाच्या डाव्या समासात मी आणि साक्षीदारांनी एकमेकांच्या समोर सह्या केल्या. उद्या गावातला वकील शिक्का मारेल. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. याआधी खरंही बोलले नव्हते.

ठिकाण: सान रोके, केझोन प्रांत, माझं स्वयंपाकघर
तारीख: ११ मार्च २०२५, मंगळवार

(सही) लिगाया पनालिगान

साक्षीदार:

१. लेओनिला बुएनावेंतुरा, निवृत्त शिक्षिका

२. मक्सिमो दिमायुगा, गिरणीवाला

३. सोलेदाद पनालिगान, पुतो विकणारी. हिला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.